१०९८-टी राहून गेला: १०४०-एक्स भरण्याआधी काय पाहायचं

आधी प्रश्न थोडक्यात. नवरा-बायको न्यू जर्सीत, जॉइंट रिटर्न, २०२४ चं एजीआय (स्टँडर्ड डिडक्शन वजा होण्याआधीचं उत्पन्न) १,३८,००० डॉलर. मुलगा सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहतो. रिटर्न मार्च २०२५ मध्ये भरलं, रिफंड खात्यात जमाही झाला. मग एक दिवस मुलाने कॉलेजच्या पोर्टलवरून १०९८-टी, म्हणजे फीचा वार्षिक फॉर्म, काढून दिला. बॉक्स १ मध्ये (फी) १३,६०० आणि बॉक्स ५ मध्ये (स्कॉलरशिप) ४,०००. शिवाय त्याच वर्षी ५२९ खात्यातून (शिक्षणासाठीच्या बचतीचं खातं) ९,००० काढलेले. "आता आयआरएसची, म्हणजे करखात्याची, नोटीस येणार का? सगळं रिटर्न परत भरावं लागेल का? काहीच केलं नाही तर चालेल का?"

मी एन्रोल्ड एजंट, म्हणजे आयआरएसची मान्यता असलेली करसल्लागार, आहे आणि माझ्याकडे येणारी निम्म्याहून जास्त घरं मराठी आहेत. मुलं कॉलेजला गेली की पहिल्या-दुसऱ्या वर्षी हा प्रश्न हमखास येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नोटिशीची धास्ती आधी सोडा. १०९८-टीची एक प्रत आयआरएसकडे जाते हे खरं, पण तो डब्ल्यू-२ किंवा १०९९ सारखा तुमच्या कमाईचा कागद नाही. कॉलेजला किती फी मिळाली आणि किती स्कॉलरशिप दिली, एवढंच तो सांगतो. तुम्ही शिक्षणाचं क्रेडिट (करातून थेट वजा होणारी सूट) मागितलंच नाही, तर "का नाही मागितलं" असं विचारायला आयआरएस पत्र पाठवत नाही. दुरुस्ती केली नाही तर कायदा मोडत नाही, फक्त हक्काचे पैसे सरकारकडे राहतात. तुमच्या बाबतीत ते २,५०० डॉलर आहेत, म्हणून माझा सल्ला सरळ आहे: दुरुस्ती करा. पण खालच्या गोष्टी तपासून मगच करा. घाईत भरलेला १०४०-एक्स (रिटर्न दुरुस्तीचा फॉर्म) पुन्हा दुरुस्त करण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही.

हा कागद हातातून निसटतो कसा, तेही सांगते, कारण पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. कॉलेजने तो ३१ जानेवारीपर्यंत द्यायचा असतो. बहुतेक ठिकाणी मुलाने पहिल्याच आठवड्यात कुठल्यातरी स्क्रीनवर "इलेक्ट्रॉनिक प्रत चालेल" असं टिक केलेलं असतं. मग टपालाने काही येत नाही, एक ईमेल मुलाच्या कॉलेजच्या पत्त्यावर येते आणि ती तो उघडत नाही. फी आई-बाप भरतात, पण फर्पा कायद्यामुळे कॉलेजात गेलेल्या मुलाच्या नोंदींवर हक्क मुलाचा. तुम्ही बर्सरच्या (फी-विभागाच्या) ऑफिसला फोन केलात तर ते नम्रपणे सांगतील की मुलालाच फोन करू दे. तेव्हा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मुलाच्या मागे लागायचं, दुसरा इलाज नाही. १०९८-ई आणि १०९८-टी यांतही गल्लत होते. 'ई' वाला शैक्षणिक कर्जाच्या व्याजाचा, 'टी' वाला फीचा.

आता पहिली चाळणी, उत्पन्नाची. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट (वर म्हटलेलं शिक्षणाचं क्रेडिट ते हेच) जॉइंट रिटर्नला १,६०,००० पर्यंत पूर्ण मिळतं, तिथून कमी कमी होत १,८०,००० ला शून्य होतं. एकट्याने भरणाऱ्यांना हीच मर्यादा ८०,००० ते ९०,०००. ही रक्कम महागाईप्रमाणे वाढत नाही, त्यामुळे दोघंही आयटीत असलेली बरीच घरं यातून केव्हाच बाहेर गेली आहेत. अशा लोकांचे मला घाबरलेल्या आवाजात फोन येतात की फॉर्म राहिला हो! त्यांना मी सांगते की राहू दे, तुम्हाला तसंही काही मिळणार नव्हतं. नवरा-बायकोने वेगवेगळी रिटर्न भरली असतील तरीही हे क्रेडिट नाही. मात्र वेगळ्याचं जॉइंट करून दुरुस्ती करता येते. मुदत उलटल्यावर उलटं, म्हणजे जॉइंटचं वेगळं, करता येत नाही. तुम्ही १,३८,००० वर आहात, तेव्हा पूर्ण क्रेडिटला पात्र.

दुसरी गोष्ट कागदातले आकडे. बॉक्स १ म्हणजे त्या कॅलेंडर वर्षात कॉलेजला मिळालेली पात्र फी. शैक्षणिक वर्ष नव्हे, कॅलेंडर वर्ष. स्प्रिंग सेमिस्टरचं बिल नोव्हेंबर-डिसेंबरात येतं. ते डिसेंबरात भरलं तर फी त्याच वर्षात धरली जाते, जानेवारीत भरलं तर पुढच्या. बॉक्स ७ ला टिक असेल तर समजा की पुढच्या जानेवारी ते मार्चमध्ये सुरू होणाऱ्या सत्राची फी यात आली आहे. बॉक्स ८ ची टिक म्हणजे मुलगा किमान अर्धवेळ विद्यार्थी आहे. ही क्रेडिटची अट आहे, तेव्हा ती टिक आहे ना ते पाहा. बॉक्स ९ ची टिक म्हणजे पदव्युत्तर, आणि तिथे हिशेब बदलतो. बॉक्स ४ आणि ६ मध्ये आकडा असेल तर थांबा. ती मागच्या वर्षाच्या फीची किंवा स्कॉलरशिपची दुरुस्ती असते आणि तिचा परिणाम मागच्या वर्षाच्या क्रेडिटवर होतो. तुमचे हे दोन्ही बॉक्स रिकामे आहेत असं धरते.

तुमचा हिशेब: १३,६०० वजा ४,००० म्हणजे ९,६०० तुमच्या खिशातून गेले. क्रेडिट पहिल्या २,००० वर पूर्ण आणि पुढच्या २,००० वर पाव मिळतं. म्हणजे ४,००० खर्चावर २,५०० आणि त्यावर कितीही खर्च झाला तरी तेवढंच. फी एवढी असताना पुस्तकांच्या पावत्या शोधत बसू नका. पण ज्यांचं मूल कम्युनिटी कॉलेजात आहे आणि फीच तीन हजार आहे, त्यांनी जरूर शोधाव्यात. या क्रेडिटमध्ये अभ्यासक्रमाला लागणारी पुस्तकं आणि साहित्य धरता येतं, मग ते कॉलेजच्या दुकानातून घेतलेलं असो वा बाहेरून, आणि ते १०९८-टीवर कुठेही दिसत नाही. हॉस्टेल, मेस, विमा, प्रवास यांपैकी काही धरायचं नाही.

५२९ चं इथे बरेच जण घोळ करतात. एकाच डॉलरवर दोनदा सवलत घेता येत नाही. क्रेडिटसाठी वापरलेले ४,००० ५२९ च्या खर्चात मोजायचे नाहीत. म्हणजे ९,६०० पैकी ५,६०० फी ५२९ साठी उरते. तुम्ही काढले ९,०००. उरलेले ३,४०० कुठे दाखवायचे? मुलगा किमान अर्धवेळ शिकतो आणि हॉस्टेलवर राहतो, तेव्हा राहण्या-जेवणाचा खर्च ५२९ साठी चालतो, आणि हॉस्टेल-मेसचं वर्षाचं बिल यापेक्षा मोठंच असणार. त्यामुळे १०९९-क्यू वर (५२९ मधून काढलेली रक्कम दाखवणारा फॉर्म) कर लागत नाही. हा हिशेब एका कागदावर मांडून फाइलला लावून ठेवा. आयआरएसला पाठवायचा नाही, पण तीन वर्षांनी कुणी विचारलं तर तुम्हाला आठवणार नाही.

तिसरी चाळणी, क्रेडिट कुणाचं. मुलगा तुमचा डिपेंडंट (करासाठी तुमच्यावर अवलंबून) असेल तर क्रेडिट तुमचं, मग फी त्याने स्वतःच्या कर्जातून भरलेली असो की आजोबांनी पाठवलेली असो. त्याने उन्हाळ्यातल्या नोकरीचं स्वतःचं रिटर्न भरलं असेल तर ते आधी उघडून पाहा. "मला दुसरं कुणी डिपेंडंट दाखवू शकतं" या चौकटीत टिक आहे का? मुलं फोनवर वीस मिनिटांत रिटर्न भरतात आणि ही टिक विसरतात. वर स्वतःच शिक्षणाचं क्रेडिटही घेऊन बसतात. तसं असेल तर आधी त्याचा १०४०-एक्स, मग तुमचा. एकाच मुलाच्या फीवर दोन रिटर्नांत क्रेडिट गेलं, तर मात्र ज्या नोटिशीची तुम्हाला भीती होती ती येते.

याच ओघात एक गोष्ट. मूल सतरा वर्षांचं झालं की चाइल्ड टॅक्स क्रेडिट जातं, पण पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर चोविसाव्या वर्षापर्यंत बहुधा डिपेंडंट राहतं आणि त्याचं ५०० डॉलरचं वेगळं क्रेडिट मिळतं. मी जुनी रिटर्न उघडते तेव्हा १०९८-टी राहिलेल्या घरात हे ५०० सुद्धा राहिलेले बऱ्याचदा सापडतात. दुरुस्ती करायचीच तर दोन्ही एकदम करा.

चौथी चाळणी वर्षांची. हे क्रेडिट एका विद्यार्थ्यासाठी फक्त चार करवर्षं मिळतं, तेही पहिल्या चार वर्षांच्या शिक्षणासाठी. पण ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपणारी चार वर्षांची पदवी पाच कॅलेंडर वर्षांवर पसरते, तेव्हा एक वर्ष सोडावंच लागतं. तुमचा मुलगा ऑगस्ट २०२३ मध्ये गेला असेल, तर २०२३ चं रिटर्न काढून ८८६३ (शिक्षणाचं क्रेडिट मागायचा फॉर्म) जोडला होता का ते आजच बघा. एक कागद राहिला असेल तर त्याच्या आधीचाही राहिलेला असण्याची शक्यता मला नेहमी जास्त वाटते, कारण पहिल्या वर्षी पोर्टल हा प्रकारच घरात कुणाला ठाऊक नसतो. पहिल्या वर्षी फक्त फॉल सेमिस्टर असलं तरी ४,००० सहज भरतात. म्हणजे आणखी २,५००.

मुदत किती? मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षं किंवा कर भरल्यापासून दोन वर्षं, यांतलं जे उशिरा येईल ते. मुदतीआधी भरलेलं रिटर्न १५ एप्रिललाच भरलं असं धरतात. तेव्हा २०२४ साठी १५ एप्रिल २०२८ आणि २०२३ साठी १५ एप्रिल २०२७. एक्स्टेन्शन घेऊन ऑगस्टमध्ये भरलं असेल तर तीन वर्षं त्या ऑगस्टपासून.

आता प्रत्यक्ष भरणं. मूळ रिफंड हातात येईपर्यंत दुरुस्ती पाठवायची नाही, आणि तुमचा तर आला आहे. ज्या सॉफ्टवेअरवर मूळ रिटर्न भरलं त्यातच "अमेंड" उघडा, म्हणजे जुने आकडे आपोआप येतात. चालू आणि मागच्या दोन वर्षांचा १०४०-एक्स ई-फाइल होतो आणि रिफंड थेट बँकेत मागता येतो. तेव्हा कागदी पाकिटाच्या भानगडीत पडू नका.

८८६३ मध्ये तिसरा भाग आधी भरायचा, तो मुलाचा. त्यात कॉलेजचं नाव, पत्ता आणि ईआयएन (कॉलेजचा कर-ओळख क्रमांक) लागतो. हा ईआयएन १०९८-टीच्या डाव्या बाजूला छापलेला असतो, आणि तो नसेल तर हे क्रेडिटच मिळत नाही. कागद हाती नसताना पावत्यांवरून आकडे भरणाऱ्यांचं गाडं नेमकं इथेच अडतं. त्याच भागात ओळ २३ ला "आधी चार वर्षं क्रेडिट घेतलं का" असा प्रश्न आहे. त्याला खरं उत्तर द्या.

१०४०-एक्सला तीन रकाने असतात: ए मध्ये मूळ आकडा, बी मध्ये फरक, सी मध्ये दुरुस्त आकडा. तुमचं घेऊ. १,३८,००० मधून जॉइंटचं २०२४ चं स्टँडर्ड डिडक्शन २९,२०० गेलं की १,०८,८०० उरले. बाकी काही विशेष नसेल तर त्यावर कर १४,०४२. मुलाचे ५०० तुम्ही मूळ रिटर्नमध्ये घेतले होते असं धरलं, तर ओळ ७ ला ए मध्ये ५००, बी मध्ये १,५००, सी मध्ये २,०००. उरलेले १,००० वेगळ्या जागी, ओळ १५ ला ८८६३ च्या चौकटीत टिक करून. कारण या क्रेडिटचा ४० टक्के भाग रिफंडेबल आहे, म्हणजे कर शून्य असला तरी मिळतो. लोक २,५०० पूर्णच ओळ ७ मध्ये टाकतात आणि मग बेरीज जुळत नाही. उत्पन्नाच्या ओळींना हात लावायचा नाही, तिथे काही बदललेलं नाही.

स्पष्टीकरणाच्या जागी दोन वाक्यं पुरेत: मूळ रिटर्न भरताना १०९८-टी हाती नव्हता, आता ८८६३ जोडून अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट मागत आहोत. मुलगा कसा हुशार, पोर्टल कसं बंद होतं, हे लिहू नका. १०९८-टी जोडायची सक्ती नाही. तो, फीच्या खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट आणि बँकेची नोंद घरी ठेवा. माझ्यासारख्या रिटर्न भरणाऱ्यांना या क्रेडिटसाठी ८८६७ नावाचा वेगळा फॉर्म भरावा लागतो आणि पुरावे विचारावेच लागतात, तेव्हा तुमच्या प्रिपेररने पावत्या मागितल्या तर रागावू नका.

मग वाट बघणं. तीन आठवड्यांनी आयआरएसच्या साइटवर दुरुस्त रिटर्नचा शोध लागायला लागतो. काम पूर्ण व्हायला ८ ते १२ आठवडे, कधी १६. या काळात पुन्हा पाठवू नका. दुसरा १०४०-एक्स पहिल्याला मागे ढकलतो. रिफंडबरोबर व्याज आलं तर ते पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवायचं.

सीपीएकडे जायला हवं का, तर तुमच्या प्रकरणात नाही. हॉस्टेल, ५२९ आणि स्कॉलरशिप यांची वर दिलेली मांडणी समजली असेल तर एका संध्याकाळचं काम आहे. पण बॉक्स ५ बॉक्स १ पेक्षा मोठा असेल तर मात्र जाणत्याला दाखवा. तिथे जादाची स्कॉलरशिप मुलाचं करपात्र उत्पन्न ठरू शकते, आणि त्या बाबतीत दुरुस्ती ऐच्छिक राहत नाही.

त्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. समजा फी ६,००० आणि स्कॉलरशिपही ६,०००. वरवर पाहता क्रेडिट शून्य. पण स्कॉलरशिपच्या अटींत ती राहण्या-जेवणावर खर्च करायला मनाई नसेल, तर त्यातले ४,००० तिकडे खर्च झाले असं धरून मुलाच्या उत्पन्नात दाखवता येतात. मग फीचे ४,००० मोकळे होतात आणि आई-वडिलांना २,५०० मिळतात. मुलाची उन्हाळ्यातली कमाई ५,००० असेल तर एकूण ९,०००. २०२४ च्या १४,६०० च्या डिडक्शनखाली त्याला कर शून्यच. हे पूर्ण कायदेशीर आहे. फक्त दोघांची रिटर्न जुळली पाहिजेत.

मूल एच-४ वर (अवलंबितांचा व्हिसा) असून आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसणाऱ्यांचा कर-क्रमांक) वापरत असेल, तर आणखी एक अट. मूळ रिटर्नच्या मुदतीपर्यंत तो नंबर मिळालेला किंवा निदान त्यासाठी अर्ज केलेला असावा लागतो. नंतर नंबर काढून मागच्या वर्षाचं क्रेडिट दुरुस्तीने मागता येत नाही. आणि २०२६ च्या करवर्षापासून सोशल सिक्युरिटी नंबरच लागणार आहे.

आता उलट प्रकार, आणि खरं तर घाई करायची ती यांनी. पुण्या-मुंबईहून एमएससाठी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर आलेली मुलं. त्यांच्या पोर्टलवरही १०९८-टी दिसतो. रूममेट सांगतो की हा टाकला तर हजार डॉलर परत येतात. मग मुलगा साधा १०४० भरतो, क्रेडिट घेतो आणि पैसे येतातही. पण एफ-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे करासाठी नॉनरेसिडेंट (अनिवासी) धरतात. ऑगस्ट २०२२ मध्ये उतरलेल्याची ही वर्षं २०२२ ते २०२६, पहिलं अर्धवट वर्षही पूर्ण मोजायचं. नॉनरेसिडेंटला १०४०-एनआर भरायचा असतो आणि शिक्षणाचं कुठलंच क्रेडिट मिळत नाही. रेसिडेंट जोडीदाराबरोबर जॉइंट भरायचा पर्याय घेतला असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय बी.ई. करून आलेल्याचं चार वर्षांचं शिक्षण झालेलं असतं, तेव्हा अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी तसंही बसत नाही. रेसिडेंट झाल्यावर फार तर लाइफटाइम लर्निंग हे दुसरं क्रेडिट, १०,००० पर्यंतच्या फीवर २० टक्के, आणि त्यात रिफंडेबल भाग नाही.

या मुलांनी १०४०-एक्सवर नाव-पत्ता आणि स्पष्टीकरण भरून बरोबर केलेला १०४०-एनआर जोडायचा आणि जादा आलेली रक्कम व्याजासह परत करायची. आयआरएसने विचारण्याआधी स्वतःहून केलं तर २० टक्क्यांचा दंड सहसा टळतो. भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना एक दिलासा आहे: भारत-अमेरिका कराराच्या २१ व्या कलमामुळे १०४०-एनआरवरही स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे बाकी बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही. म्हणून परत करायची रक्कम बहुधा क्रेडिटएवढीच निघते. "बाबांनी तिकडून चाळीस लाख पाठवले, त्याचं काहीच नाही का?" असं विचारणाऱ्यांना: इथे नाही. भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल आणि बाबा जुन्या करप्रणालीत असतील, तर व्याजाची वजावट तिकडे ८०-ई खाली मिळते.

राहिलं राज्याचं रिटर्न. फेडरल क्रेडिटमुळे तुमचं उत्पन्न बदलत नाही, त्यामुळे केवळ या क्रेडिटसाठी न्यू जर्सीचं रिटर्न दुरुस्त करायची गरज नाही; पण कॉलेज न्यू जर्सीतलंच असेल तर राज्याची फीवरची वजावट राहिली आहे का ते पाहा. न्यूयॉर्कात राहणाऱ्यांनी मात्र आयटी-२७२ पाहावा. पदवीच्या फीवर राज्याचं स्वतःचं क्रेडिट आहे, विद्यार्थ्यामागे ४०० डॉलरपर्यंत, आणि तेही रिफंडेबल. १०९८-टी राहिला असेल तर तेही राहिलेलं असणार. तिथे आयटी-२०१-एक्स वेगळा भरावा लागतो.